चाबी आत, आपण बाहेर: खेड्यावर नवीन राहायला आलेल्यांनी काय करायचं

आमच्या गावात बदली होऊन कोणी नवीन माणूस आला की महिना-दोन महिन्यात त्याचा मला एक फोन येतोच, "भाऊ, दार लागून गेलं, चाबी आतमध्येच राहिली." बसस्टँडजवळ माझं वेल्डिंगचं दुकान आहे, ग्रिल, चॅनल गेट, टिनाची दारं, बंडीची दुरुस्ती असं सगळंच करतो, त्यामुळे कुलूप कापायलाही मलाच बोलावतात. शाळेतले मास्तर, उपकेंद्रातल्या सिस्टर, बँकेतली पोरं, लग्न होऊन आलेल्या सुना, सगळ्यांचं एकदा तरी होतेच. शहरात फोन केला की चाबीवाला दारात येते, इथे तो तालुक्याला बसते आणि दुपारची एसटी हुकली की मग संध्याकाळच. मग माणूस घाबरते आणि घाबरला की दाराला लाथा घालते. मी पोहोचतो तेव्हा दोनशे-तीनशेचं कुलूप जसंच्या तसं लटकून राहिलेलं असते आणि घरमालकाची जुनी सागवानी चौकट फाटलेली असते. कितीदा पाहिलं हे, दरवेळी जीव हळहळते, कारण तसं लाकूड आणि तसं काम आता करून मिळत नाही.

म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतो. हे फक्त तुमच्या स्वतःच्या किंवा तुम्ही भाड्याने राहता त्या घरासाठी आहे, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही.

सगळ्यात आधी: आत काय चालू आहे ते आठवा

चाबी शोधायच्या आधी दाराजवळ उभं राहून दोन गोष्टी आठवा. आत लेकरू, म्हातारं माणूस किंवा आजारी माणूस आहे का, आणि गॅस चालू आहे का. यातलं एक जरी "हो" असेल तर खालचं सगळं सोडा आणि सरळ खालचा "लेकरू आत आहे" हा भाग वाचा, त्या वेळी दार, चौकट, कुलूप कशाचाच विचार करायचा नाही.

दाराच्या फटीतून गॅसचा वास येऊन राहिला असेल तर बेल दाबू नका, बाहेरच्या लाइटचं बटणही चालू-बंद करू नका, बिडी-सिगरेटवाल्याला दूर करा, आणि लोखंड कापायचा ग्राइंडर तर लावायचाच नाही, कारण बटणात एवढुशी ठिणगी पडते ती पुरते. गॅस गळतीसाठी १९०६ हा नंबर आहे आणि पोलीस, अ‍ॅम्बुलन्स, अग्निशमन सगळ्यांसाठी ११२. दोन्ही आजच सेव्ह करून ठेवा, आणि मोबाईलही आतच राहून जाते म्हणून पाठच करा.

आत कोणी नाही, गॅस बंद आहे, मग काहीच घाई नाही. खरंच नाही. एप्रिल-मे असेल तर शेजारच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, जाऊन बसा, पाणी मागा. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जाते आणि भर दुपारी बारा ते चार उन्हात दाराशी झटापट करून चक्कर येऊन पडलेला माणूस मी पाहिला आहे. लोखंडी गेटला तेव्हा उघडा हात लावला तर चटका बसते, दुपट्टा गुंडाळून घ्या.

चाबी हरवली म्हणजे कुठे हरवली

खिसे, गाडीची डिक्की, डब्याची पिशवी, हे सगळे पाहतात. पण खेड्यावर चाब्या वेगळ्याच ठिकाणी सापडतात. हातपंपाच्या ओट्यावर, किराणा दुकानाच्या काउंटरवर, दूध घालायला गेले तिथल्या कॅनजवळ, आणि दाराच्या कोयंड्यातच, म्हणजे कुलूप काढून चाबीसकट खिडकीत ठेवलं आणि विसरले.

वावरातून आले असाल तर परतीच्या वाटेने चालत जा, गाडीने नाही. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जिथे बसून भाकर खाल्ली, जिथे पाणी प्यायला वाकले, तिथे आधी पाहा, वाकलं की वरच्या खिशातली चाबी सरकते. कापूस वेचायच्या दिवसात बायकांच्या चाब्या हमखास कापसाच्या गाठोड्यात जातात, कारण चाबी ओट्यात, म्हणजे लुगड्याच्या ओटीत, बांधलेली असते आणि त्याच ओट्यात कापूस. अशा वेळी गाठोडं उपसत बसायचं नाही, सतरंजीवर थोडं थोडं झटकत मोकळं करायचं, चाबी जड असते, ती खाली बसते.

विहिरीत पडली असेल तर जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून सोडतात, ते चांगलं काम करते, पण चाबी लोखंडाची असली तरच. पितळेची चाबी चुंबकाला चिकटत नाही आणि पितळेवर चकचकीत पांढरं पॉलिश असलं की ती लोखंडासारखीच दिसते. म्हणून दुसरी चाबी हातात असेल तर आधी तिला चुंबक लावून पाहा, ती चिकटली नाही तर विहिरीवर दिवस घालवू नका. आणि चाबीसाठी विहिरीत उतरायचं तर नावच घेऊ नका.

आवाज द्या, मग हात लावा

नवीन माणसाकडून हीच चूक होते. लाज वाटते म्हणून कोणाला न सांगता मागच्या भिंतीवर चढतात. गावात तुम्हाला अजून सगळे ओळखत नाहीत, अंधारात भिंतीवर माणूस दिसला की कुत्रे आणि काठ्या दोन्ही एकदमच येतात, आणि चूक त्यांचीही नसते. शेजारच्या काकाजीला, मावशीला आधी सांगा, "आमची चाबी आत राहिली, आम्ही आमचंच दार उघडून राहिलो." एवढं एक वाक्य बोललं की चार माणसं आपोआप येतात, त्यातल्या एकाकडे पेचकस (स्क्रू ड्रायव्हर) निघते, एकाकडे सब्बल (पहार), आणि एकाला त्या घराची खोड माहीत असते, "जुने भाडेकरू मांगच्या दाराले धक्का देऊन उघडत जाय."

भाड्याचं घर असेल तर घरमालकाला फोन केल्याशिवाय काहीच कापू नका. त्याच्याकडे दुसरी चाबी असतेच असं नाही, पण कापायची परवानगी फोनवर घेतली आणि शेजारचा एक माणूस ऐकायला असला की उद्या डिपॉझिटचं भांडण होत नाही. मालक नागपूरला, पुण्याला राहतो आणि फोन लागत नाही, असं असेल तर पोलीस पाटलांना बोलवा. पोलीस पाटील हे पद १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमातलं आहे, नुसतं मानाचं नाही, त्यांच्यासमोर कुलूप कापलं तर कोणी बोट दाखवत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दुसऱ्याच्या घरात घुसणं आणि घरफोडी हे गुन्हे आहेतच, त्यामुळे साक्षीला माणूस असलेला बरा.

घरमालकानेच भांडणातून वरून कुलूप लावलं असेल तर तो विषय वेगळा आहे, ते कुलूप तुम्ही कापायचं नाही, पोलीस स्टेशनला जायचं.

आता घराला एक चक्कर मारा

पुढचं दार बंद झालं की माणूस पुढच्याच दाराशी उभा राहते. मागचं दार, न्हाणीचं दार, कोठ्यातून (गोठ्यातून) घरात जाणारं दार, स्लॅबवर जाणाऱ्या जिन्याचं दार, सगळं एकदा ढकलून पाहा. जुन्या घरात मागच्या दाराला आतून आडणा, म्हणजे आडवं लाकूड, नाही तर साकळ असते, दोन फळ्यांच्या मधल्या फटीतून लोखंडी पट्टी सरकवून साकळ वर उचलता येते. खिडकी उघडी असेल आणि तिथून चाबी दिसत असेल तर शेळीला पाला तोडायची लांब आकडी कोणाकडे तरी असतेच, तिने चाबी ओढून घेता येते, मी तीन-चार वेळा असंच केलं.

खिडकीत, कवेलूखाली (छपराच्या कौलांखाली), विटांच्या ढिगाऱ्यात टॉर्च मारल्याशिवाय हात घालू नका. विंचू अशाच सांदीत बसते आणि मण्यार रात्रीचीच फिरते.

कवेलू काढून वरून उतरायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, आधीची माणसं करत होती. पण खालच्या काड्या कुजलेल्या असल्या तर वरून दिसत नाहीत. सिमेंटच्या पत्र्यावर तर पाय ठेवायचाच नाही, तो वाकत नाही, एकदम तुटते आणि माणूस सरळ खाली. उन्हाळ्यात कवेलू फेरायला जो माणूस येते तोच चढला पाहिजे, आणि तोही दिवसा.

चाबी हातात आहे पण कुलूप उघडत नाही

आधी पाहायचं की अडलं कुठे, कुलपात का दारात. कारण काळ्या जमिनीवरची घरं पावसाळ्यात उठतात आणि उन्हाळ्यात बसतात. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हात भेगा पडून आकसते, आणि पाया खोल नसला की तिच्यासोबत चौकट तिरपी होते. मग कडी कोयंड्यात घट्ट दाबून बसते आणि कुलूप चांगलं असूनही निघत नाही. दार एका हाताने जोरात स्वतःकडे ओढा, नाहीतर आत ढकला, नाहीतर खालून पायाने थोडं वर उचला, आणि त्याच वेळी दुसऱ्या माणसाने चाबी फिरवायची. जाम झाल्या म्हणून मला बोलावलेल्या कितीतरी कुलपांचं काम एवढ्यातच झालं. लाकूड फुगलं असेल तरी हेच.

खरंच कुलूप अडलं असेल तर मोबाईलच्या टॉर्चने चाबीच्या भोकात पाहा. आठ-दहा दिवस घर बंद होतं आणि भोकात वाळलेली माती दिसते, तर ती कुंभारीण माशी आहे. ती भोक दिसलं की मातीचं घर करते, आत अळ्यांसाठी किडे भरते आणि वरून लिंपून टाकते. नवीन लोकांना वाटते कोणी मुद्दाम माती भरली आणि शेजाऱ्यांवर संशय घेतात. तसं काही नसते. बारीक तार किंवा मोठी सुई घेऊन थोडं थोडं कोरायचं, कुलूप उलटं धरून बोटाने ठोकायचं, माती खाली गळते. पाणी टाकू नका, चिखल होऊन आत बसते.

माती नाही आणि तरी फिरत नाही, तर गंज किंवा धूळ. आपल्याकडे मिळणारं साधं मोठं कुलूप, अलिगढवरून येते ते, त्याच्यावर ६ लिव्हर, ७ लिव्हर असं कोरलेलं असते. म्हणजे आत पितळेच्या तेवढ्या पातळ पट्ट्या असतात आणि चाबीचा प्रत्येक दात आपापली पट्टी बरोबर तेवढीच उचलते, सगळ्या पट्ट्या एका रेषेत आल्या की बोल्ट सरकते. एक पट्टी जरी धुळीने चिकटली तरी चाबी अडते. म्हणून जोर लावून उपयोग नाही, चाबीच तुटते. डब्ल्यूडी फॉर्टी हा गंज सोडवायचा स्प्रे मारा, नसेल तर ट्रॅक्टरवाल्याकडून डिझेल घेऊन चार-पाच थेंब सोडा, पंधरा मिनिटं थांबा. मग कुलपाची दांडी आत दाबून धरत चाबी हळूहळू दोन्हीकडे हलवा, दांडी दाबली की बोल्टवरचा ताण जाते. मधून मधून कुलपाच्या अंगाला लाकडाच्या तुकड्याने टकटक करा, हातोड्याने हाणू नका.

आणि घरात जवसाचं तेल आहे म्हणून ते सोडू नका. आमच्या आजीच्या काळापासून लोक सोडतात. जवसाचं तेल सुकते, हवेने त्याचा चिकट थर होते, म्हणून तर ते लाकडाला पॉलिशसारखं लावतात. आज कुलूप उघडेल आणि दोन महिन्यांनी पट्ट्या डिंकाने चिकटवल्यासारख्या होऊन बसतील. फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेलही नको, त्याच्यावर सगळा फुफाटा, म्हणजे बारीक धूळ, येऊन बसते.

चाबी आत तुटली तर उरलेलं मुंडकं परत घालून ढकलू नका आणि फेविक्विकने जोडायला तर अजिबात जाऊ नका, त्याने कुलूपच चिकटून जाते. भोक सरळ असेल, म्हणजे चाबी ज्या जागेवर बाहेर निघते त्या जागेवर असेल, तरच तुकडा निघतो. तिरपं असेल तर पातळ पेचकसाने आधी सरळ करा. मग आरीपत्तीचा बारीक तुकडा, दात बाहेरच्या बाजूला ठेवून, चाबीच्या शेजारून सरकवायचा आणि ओढायचा. टोक बाहेर दिसत असेल तर नोज प्लायर.

दार ओढलं आणि आपोआप लागून गेलं

नवीन स्लॅबच्या घरांना आता शहरासारखं ऑटोमॅटिक लॉक बसवून राहिले, मला ते खेड्यावर पटत नाही. वाऱ्याने दार लागते आणि माणूस टॉवेलवर बाहेर. दार आत उघडणारं असेल, फटीत जागा असेल आणि लॉकची जीभ, म्हणजे चौकटीत शिरणारा तुकडा, तिरकी असेल तर लवचिक प्लास्टिकची पट्टी, जुनं कार्ड, बाटलीची कापलेली पट्टी जिभेच्या जागेवर दाबून दार हलवलं की कधी कधी सरकते. एटीएम कार्ड वापरू नका, मोडते. चाबीने दोन वेळा फिरवून लावलेलं असेल तर यातलं काहीच होत नाही, चौकटीची पट्टी उखडायला जाऊ नका, दुसऱ्या वाटेने आत जा.

कापायचंच ठरलं तर

सगळे उपाय झाले, मालकाला विचारलं, साक्षीला माणूस आहे, मग कापा. पण काय कापायचं ते नीट पाहून.

कुलपाच्या दांडीवर "हार्डन्ड", म्हणजे कडक केलेलं पोलाद, असं इंग्रजीत कोरलेलं असेल तर तिच्यावर आरीपत्ती घासू नका, पत्तीचे दात जातील आणि दांडीवर ओरखडा पण येणार नाही. त्याऐवजी कोयंडा कापा. तो साध्या नरम लोखंडाचा असते, आरीपत्तीने दहा-पंधरा मिनिटांत जाते, आणि नवीन कोयंडा शे-दीडशेच्या आत येते. अल्ड्राप, म्हणजे दाराचा आडवा सरकता दांडा, असेल तर त्याची कुलपात जाणारी कडी कापायची, दांडा नाही. पत्तीला मधून मधून पाण्याचा थेंब द्या, दोन्ही हातांनी लांब फेरे मारा, घाई केली की पत्ती तुटते. लाइट नसली तरी हे काम होते, म्हणून दुकानात ग्राइंडर असूनही माझ्या पिशवीत आरी असतेच.

ग्राइंडरबद्दल एक गोष्ट फार मनापासून सांगतो. ऑक्टोबरपासून पुढे आपल्याकडे घराघरात कापूस भरलेला असते. भाव येईपर्यंत लोक पुढच्या खोलीतच दाराला टेकवून छतापर्यंत कापूस ठेवतात, काही ठिकाणी कुटार (भुसा) आणि कडबा. ग्राइंडरची ठिणगी दाराच्या फटीतून आत गेली की कापूस लगेच भडकत नाही, आतल्या आत धुमसते आणि तासाभराने घर पेटते. तोपर्यंत तुम्ही चहा पिऊन राहिले असता. तुमच्या घरात कापूस नसला तरी घरमालकाने एका खोलीत ठेवलेला असू शकते, विचारा. कापूस असेल तर आरीच. ग्राइंडर लावावाच लागला तर फटीला आतल्या बाजूने नाही तर बाहेरून तरी ओलं पोतं खोचा, बादलीभर पाणी जवळ ठेवा, ठिणग्या दारापासून उलट्या दिशेने उडतील असा ग्राइंडर धरा, डोळ्याला चष्मा लावा आणि काम झाल्यावर निदान एक तास त्या खोलीत कोणीतरी बसून राहा, धूर येते का ते पाहत.

लेकरू आत आहे

हा भाग पुन्हा पुन्हा वाचा. दोन-अडीच वर्षांच्या लेकराचा हात दाराच्या आतल्या खालच्या खिट्टीपर्यंत, म्हणजे सरकत्या कडीपर्यंत, पोहोचते, त्याला ती सरकवायला मजा वाटते, पण उघडताना ती अडते. खेड्यावर हे जेवढं होते तेवढं शहरात होत नसेल, कारण इथे आई कपडे वाळत टाकायला, पाणी भरायला, शेण टाकायला दिवसातून दहादा बाहेर येते.

दोन वर्षांआधीची गोष्ट, एका सिस्टरचं लेकरू असंच आत राहिलं. नवीनच आल्या होत्या. गॅसवर दूध. मी पोहोचलो तेव्हा दारासमोर वीस-पंचवीस माणसं आणि प्रत्येक जण ओरडून राहिला, "बाळा खिट्टी उघड, खिट्टी उघड," आणि लेकरू घाबरून दारालाच चिकटून रडून राहिलं. त्या बाई दारावर डोकं आपटत होत्या. शेजारची एक म्हातारी माय आली, तिने सगळ्यांना हाताने मागे सारलं, खिडकीखाली उकिडवी बसली आणि गजातून हातातल्या बांगड्या हळूहळू वाजवायला लागली. काहीच बोलली नाही. दोन मिनिटांत लेकरू रडत रडतच खिडकीपाशी आलं. मग तिने गुळाचा खडा दाखवला आणि त्याचा हात धरून ठेवला. तेवढ्यात तीच म्हणाली, "बापू, गॅसचा वास येऊन रायला." मी ग्राइंडरची वायर सोडून राहिलो होतो, ती तशीच गुंडाळून ठेवली. मागच्या स्वयंपाकघराचं दार टिनाचं, बाहेर उघडणारं, त्याच्या बिजागऱ्यांचे स्क्रू बाहेरूनच दिसत होते. पेचकसाने सहा स्क्रू काढले, दार बाजूला केलं. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती, बर्नरची शेगडी पांढरी झालेली, दुधाचे ओघळ ओट्यावरून खाली जमिनीपर्यंत आणि गॅस सूं सूं करत चालूच. आधी सिलिंडरचं बटण बंद, मग खिडक्या, मग पुढची खिट्टी.

त्या मायने जे केलं तेच करायचं. गर्दी गप्प करा. आईला, नाहीतर ज्याला लेकरू ओळखते त्याला खिडकीपाशी बसवा आणि लेकराला दारापासून दूर, खिडकीजवळ आणा. कारण दार तोडायची वेळ आली आणि लेकरू दाराच्या मागेच उभं असलं तर दार त्याच्याच अंगावर जाईल. दुसऱ्या दोघांनी मागे जाऊन बाहेर उघडणारं दार, बिजागऱ्या, न्हाणीची खिडकी पाहायची. खिडकीतून खिट्टी दिसत असेल तर ८ एमएमची सळई टोकाला वाकवून खिट्टी सरकवता येते.

काच फोडावी लागली तर लेकरू ज्या खिडकीजवळ आहे ती सोडून दुसरी फोडा, काचेवर ओलं पोतं धरा, खालच्या कोपऱ्यात मारा, तुमच्या पायात चप्पल नाही तर बूट असू द्या, आणि लेकराला काचेवरून चालत येऊ देऊ नका, कोणीतरी आत जाऊन उचलून आणा.

दार तोडायचं असेल तर मधोमध खांदा मारून काही होत नाही, खांदाच निखळते. खिट्टी जिथे आहे त्याच्या अगदी शेजारी, चौकट आणि दाराच्या फटीत सब्बल घाला आणि रेटा द्या, खिट्टीचे छोटे स्क्रू निघून येतात. ११२ ला फोन एकाने सुरुवातीलाच लावून द्यायचा, दार उघडलं तर नको म्हणून सांगता येते. म्हातारं माणूस आत पडलेलं असेल आणि आवाज देत नसेल तर पण हेच, आणि १०८ ची अ‍ॅम्बुलन्स आधीच बोलवा.

चाबीवाला आला तर

तालुक्याचा चाबीवाला येणार असेल तर फोनवरच येण्या-जाण्याचं आणि चाबीचं मिळून किती ते ठरवा. कोरी चाबी मेणबत्तीवर काळी करून तो कुलपात घालते, हलकी फिरवते, बाहेर काढून उजेडात पाहते, जिथे काजळी पुसली गेली तिथे कानसीने घासते, परत घालते. त्याला वेळ द्या, पंधरा-वीस वेळा घासून चाबी होते, मागे उभं राहून घाई करू नका. तुमचं घर आहे हे सांगायला शेजारचा माणूस सोबत ठेवा, चांगला कारागीर स्वतःच विचारते. कुलूप उघडलं की त्याच बैठकीत दोन चाब्या जास्तीच्या करून घ्या. आणि चाबीचा फोटो कुठेच टाकू नका, नुसत्या फोटोवरून दात मोजून चाबी करता येते.

घरात गेल्यावर त्याच दिवशी करायची कामं

दाबून लागणारं कुलूप काढून टाका. चाबी फिरवल्याशिवाय लागतच नाही असं कुलूप घ्या, दुकानदाराला तसंच सांगा, "चाबीनेच लागणारं." चाबी हातात असल्याशिवाय कुलूपच लागणार नाही, मग चाबी आत राहायचा प्रश्न निम्मा संपला. ऑटोमॅटिक लॉक काढता येत नसेल तर त्याची जीभ आत अडकवून ठेवायचं छोटं बटण बहुतेक लॉकला असते, दिवसा ते लावून ठेवा आणि बाहेरून साधं कुलूप वापरा.

लेकरू असेल तर खालच्या सगळ्या खिट्ट्या पेचकस घेऊन काढा. आजच. वरची एक पुरते.

दुसरी चाबी शेजारी ठेवा. पायपुसण्याखाली, तुळशीच्या कुंडीत, मीटरच्या पेटीवर ठेवलेली चाबी सगळ्या गावाला माहीत असते. शेजारच्या घरात, जिथे दिवसभर कोणीतरी म्हातारं माणूस असते, तिथे द्या आणि चाबीला लाल दोरा बांधा म्हणजे त्यांच्या चाब्यांत मिसळत नाही. सुरुवातीला परक्याला चाबी द्यायला मन होत नाही, मला समजते ते. पण इथे वावरात जाणारी घरं पिढ्यान्पिढ्या असंच करत आली आहेत, आणि तुम्ही चाबी दिली की ते घरही तुमच्याकडे त्यांची ठेवायला लागते. तिसरी चाबी शाळेत, बँकेत, जिथे काम करता तिथल्या ड्रॉवरमध्ये. वावरात जाणारे बरेच जण चाबी करदोड्याला बांधतात, ती सहसा हरवत नाही.

कोयंडा नवीन लावताना छोट्या स्क्रूवर लावू नका, आरपार बोल्ट टाकून आतून नट आवळा. पावसाळ्याच्या आधी आणि दिवाळीला, असं वर्षातून दोनदा कुलपात पेन्सिलच्या शिसाची बारीक पूड टाका, ती धूळ धरत नाही. आणि पोळ्याला किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ-पंधरा दिवस गावाला जात असाल तर चाबीच्या भोकावर चिकटपट्टी लावून जा, कुंभारीण माशी घर करत नाही.

ज्याच्याकडून सब्बल, पेचकस, आरी आणली त्याचं सामान त्याच दिवशी नेऊन द्या.